गोव्याच्या किनाऱ्यावर रिप करंट ओळखण्याची आणि त्यातून वाचण्याची रीत

समुद्रात उतरणाऱ्या माणसाला उसळणाऱ्या, फेसाळणाऱ्या लाटांची भीती वाटते आणि दोन लाटांच्या पट्ट्यांमध्ये जिथे पाणी निवांत दिसते, तिथे लहान मुलांना घेऊन उतरावे असे वाटते. गोव्याच्या किनाऱ्यावर हा अंदाज नेमका उलटा ठरतो. किनाऱ्याकडून समुद्राकडे पाणी ओढून नेणारा अरुंद आणि वेगवान प्रवाह, म्हणजे रिप करंट, बहुधा त्या निवांत दिसणाऱ्या जागेतूनच वाहत असतो. तो ओळखायला महागडे साधन किंवा विशेष शिक्षण लागत नाही. पाण्यात पाय घालण्यापूर्वी दहा मिनिटे किनाऱ्यावर उभे राहून पाहण्याची तयारी मात्र लागते, आणि अनुभव असा की सुट्टीवर आलेल्या माणसाकडे नेमकी तीच नसते.

कोल्हापूर, सांगली, बेळगाव, सोलापूर किंवा पुण्याकडून येणाऱ्यांपैकी बरेच जण विहिरीत, नदीत किंवा तरणतलावात पोहायला शिकलेले असतात. विहिरीत पोहणाऱ्याच्या अंगात एक सवय मुरलेली असते: दमलो की जवळचा काठ गाठायचा. रिप करंटमध्ये सापडल्यावर हीच सवय घात करते, कारण जवळचा काठ म्हणजे समोरचा किनारा आणि त्याच दिशेने प्रवाहाचा सगळा जोर अंगावर येत असतो. म्हणून ‘मला पोहता येते’ हे वाक्य समुद्रावर अर्धवट आहे असे समजावे.

प्रवाह कसा तयार होतो

लाटा फुटतात तेव्हा त्या किनाऱ्याकडे पाणी ढकलत राहतात. किनाऱ्यालगत पाण्याची पातळी किंचित वाढते आणि ते साचलेले पाणी परत जायला वाट शोधते. गोव्यातल्या वाळूच्या किनाऱ्यांसमोर पाण्याखाली किनाऱ्याला समांतर असे वाळूचे दांडे असतात. शेताच्या बांधाला एका जागी खिंडार पडले की साचलेले सगळे पाणी तिथूनच धावते, तसे या दांड्यात जिथे खाच पडलेली असते तिथून पाणी समुद्राकडे जोराने निघते. दांड्यावर पाणी उथळ असल्याने लाटा फुटून पांढऱ्या होतात; खाचेत पाणी खोल असल्याने लाट फुटत नाही, रंग गडद दिसतो आणि पृष्ठभाग शांत भासतो.

या प्रवाहाचा नेहमीचा वेग सेकंदाला साधारण ३० ते ६० सेंटिमीटर असतो, पण मोठ्या लाटांच्या दिवशी तो सेकंदाला दोन मीटरपर्यंत किंवा त्याहूनही अधिक गेल्याचे मोजले गेले आहे. शर्यतीत उतरणारा जागतिक दर्जाचा जलतरणपटू शंभर मीटर अंतर जवळपास याच वेगाने कापतो, तेव्हा सामान्य माणसाने त्याच्याविरुद्ध पोहण्याचा विचारही करू नये. शिवाय हा वेग सारखा राहत नाही. लाटा गटागटाने येतात. मोठ्या लाटांचा एक गट येऊन गेला की साचलेले जास्तीचे पाणी एकदम निघते आणि काही मिनिटांपूर्वी जिथे मुले कंबरभर पाण्यात खेळत होती तिथेच पायाखालची वाळू सरकू लागते. वाहून जाणाऱ्यांमध्ये खोल पाण्यात पोहायला गेलेल्यांबरोबर कंबरेएवढ्या पाण्यात नुसते उभे असलेलेही असतात, ते याच कारणाने.

एक गैरसमज इथेच दूर करावा. रिप करंट माणसाला खाली ओढत नाही. तो किनाऱ्यापासून दूर नेतो, आणि लाटा फुटण्याच्या पट्ट्याच्या पलीकडे गेल्यावर त्याचा जोर ओसरतो. माणूस बुडतो तो घाबरून, प्रवाहाशी झुंजून आणि दमून. त्यामुळे ‘भोवऱ्याने आत खेचले’ असे जे वर्णन ऐकू येते ते भीतीच्या भरात झालेले असते. हा फरक आधी ठाऊक असेल तर प्रत्यक्ष प्रसंगी डोके शांत ठेवणे शक्य होते.

पाण्यात उतरण्यापूर्वीची दहा मिनिटे

शक्य तितक्या उंच जागेवरून पाहावे. वागातोरला आणि हणजुण्याला डोंगराची किंवा खडकाळ उंचवट्याची सोय आहे. कळंगुट, कोलवा, बाणावली अशा सपाट किनाऱ्यांवर वाळूच्या टेकाडावर किंवा एखाद्या शॅकच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खानावळीच्या, पायऱ्यांवर उभे राहिले तरी फरक पडतो. डोळ्यांवर पोलराइज्ड चष्मा असेल तर पाण्यावरची चकाकी कमी होऊन रंगातला फरक स्पष्ट दिसतो. लाटांचे एक-दोन मोठे गट येऊन जाईपर्यंत नजर हलवू नये, कारण प्रवाह त्यांच्या पाठोपाठच उघड होतो.

पहिली खूण म्हणजे फुटणाऱ्या लाटांच्या पांढऱ्या रेषेत पडलेला खंड. डावी-उजवीकडे लाटा फुटत आहेत आणि मधल्या काही मीटरच्या पट्ट्यात फुटत नाहीत, असे दिसले की तिथे खोल खाच आहे असे धरून चालावे. दुसरी खूण गढूळपणाची आहे: प्रवाह तळाची वाळू उचलून नेतो, त्यामुळे लाटांच्या पलीकडे समुद्राच्या दिशेने मातकट पाण्याचा झोत किंवा फुगवटा पसरलेला दिसतो. तिसरी खूण सर्वांत खात्रीची आहे, ती म्हणजे फेस, शेवाळ, पाने, नारळाच्या सोडणाचे तुकडे असे तरंगणारे काहीही लाटांबरोबर किनाऱ्याकडे न येता उलट समुद्राकडे जाताना दिसणे. कधी कधी त्या पट्ट्यात पाणी गुळगुळीत न दिसता बारीक खळबळलेले, उकळल्यासारखे दिसते, कारण बाहेर जाणारा प्रवाह आणि आत येणाऱ्या लाटा तिथे एकमेकांवर आदळत असतात. सगळ्या खुणा एकाच वेळी दिसतील अशी अपेक्षा ठेवू नये. एक जरी दिसली तरी ती जागा सोडून द्यावी.

खडकांच्या कडेला मात्र खुणा शोधत बसूच नये. किनाऱ्याच्या टोकाला जिथे डोंगर समुद्रात उतरतो तिथे, म्हणजे बागाच्या उत्तर टोकाला, हणजुणे-वागातोरच्या खडकांपाशी, पाळोळेच्या दोन्ही टोकांना, किनाऱ्यालगत वाहणारे पाणी खडकाला अडून समुद्राकडे वळते. पाळोळेचा मधला भाग अर्धगोलाकार उपसागरात असल्याने बराच सुरक्षित आहे, आणि नेमके त्यामुळेच लोक त्याच भरवशावर टोकापर्यंत चालत जातात. ओल्या, शेवाळलेल्या खडकांवर फोटोसाठी उभे राहणे हा वेगळाच धोका आहे. तिथे प्रवाहाची गरज नसते, एक मोठी लाट पुरते.

आता गोव्याचीच अशी एक अडचण. इथले बहुतेक सगळे किनारे पश्चिमेला तोंड करून आहेत. दुपार कलली की सूर्य थेट समोर येतो, पाणी चकाकू लागते आणि वर सांगितलेल्या बहुतेक खुणा त्या चकाकीत हरवून जातात. किनाऱ्यावर सर्वाधिक गर्दी त्याच वेळी, सूर्यास्ताच्या आधी होते. जीवरक्षकांची पाण्यावर नजर ठेवण्याची वेळ साधारण सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा अशी असते, आणि एप्रिल-मे महिन्यांत सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. म्हणजे उन्हाळ्यात दिवसाचा असा एक तास उरतो ज्यात उजेड आहे, गर्दी आहे, उत्साह आहे, पण खुणा दिसत नाहीत आणि मनोऱ्यावर कोणी नाही. डुंबायचे असेल तर सकाळी डुंबावे आणि सूर्यास्त वाळूवर बसून पाहावा, हा माझा स्पष्ट आग्रह आहे.

भरती, ओहोटी आणि तिथी

रिप करंट भरतीतही असतो, पण ओहोटीच्या सुमारास वाळूचे दांडे पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येतात, परत जाणारे पाणी खाचांतूनच जाऊ शकते आणि ओढ वाढते. म्हणून भरती-ओहोटीची वेळ माहीत असणे उपयोगाचे आहे. सर्वेक्षण खात्याने, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाने, प्रसिद्ध केलेली भरती-ओहोटीची कोष्टके असतात; ती हाताशी नसतील तर कोकणपट्टीत पूर्वापार चालत आलेला हिशेब वापरता येतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटीचा तळ येतो. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती; अष्टमीला सहाच्या सुमारास; पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा हिशेब ढोबळ आहे, त्यात तासाभराचा फरक सहज पडू शकतो, तरी दिवसाचा अंदाज बांधायला तो पुरतो.

या हिशेबातून एक गोष्ट लक्षात येते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, म्हणजे भरती सर्वांत उंच आणि ओहोटी सर्वांत खोल जाते, आणि त्या दिवशी ओहोटीचा तळ संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास येतो. पौर्णिमेच्या संध्याकाळी जमलेली गर्दी ज्या वेळी पाण्यात शिरते, त्याच वेळी ओहोटी तळाला असते आणि खाचांतली ओढ वाढलेली असते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, चढ-उताराचा हा जोर बराच कमी असतो.

नद्यांच्या मुखांपाशी हा धोका अनेक पटींनी वाढतो, आणि तिथला प्रवाह लाटांवर अवलंबून नसल्याने समुद्र अगदी शांत असतानाही तो असतोच. केरीला तेरेखोल नदी, मोरजीला शापोरा, बागाला तिथली खाडी, मिरामारला मांडवी, मोबोर-बेतूलला साळ, दक्षिणेकडे तळपण आणि गालजीबाग, या सर्व ठिकाणी ओहोटीच्या वेळी नदीत शिरलेले भरतीचे पाणी आणि नदीचे स्वतःचे पाणी एकदम समुद्राकडे धावते. पावसाळ्यानंतर वाळूचे पट्टे जागा बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षी चालत ओलांडलेली खाडी या वर्षी तेवढीच उथळ असेल असे नाही. नदीच्या मुखापाशी पोहू नये. याला अपवाद नाही.

ऋतू

जून ते सप्टेंबर या काळात समुद्रात उतरू नये, एवढे सांगून हा विषय संपतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे लाटा दोन-तीन मीटर आणि त्याहूनही उंच होतात. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची यांत्रिक मासेमारीबंदी गोव्यात असते. बंदीचा मुख्य हेतू माशांची पैदास होऊ देणे हा असला तरी त्या काळात समुद्राची अवस्था काय असते हे कोणताही मच्छीमार सांगेल. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण झाला म्हणजे समुद्र शांत झाला, असे मानून ऑगस्टमध्येच किनाऱ्यावर येणारे पर्यटक पुष्कळ असतात. तो होडी घेऊन जाणाऱ्या जाणत्या माणसाचा मुहूर्त आहे, गुडघाभर पाण्यात उभ्या राहणाऱ्या पाहुण्याचा नव्हे.

उरलेले आठ महिने तुलनेने सौम्य असतात, हिवाळ्यात बहुतेक दिवशी लाटा अर्धा ते एक मीटर असतात, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हिवाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत अरबस्तानाकडे ‘शमाल’ नावाचे जोराचे वायव्य वारे सुटतात आणि त्यांनी उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून इथे येतात. गोव्यात आकाश निरभ्र, वारा नाही, तरी समुद्र अचानक उचललेला असतो. एप्रिल-मे महिन्यांत दक्षिण हिंदी महासागरातल्या दूरच्या वादळांच्या लांब पल्ल्याच्या लाटा येतात आणि त्याही कसलीच स्थानिक चाहूल देत नाहीत. हैदराबाद येथील ‘इन्कॉइस’, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, उंच लाटांचे इशारे आपल्या संकेतस्थळावर देते. निघण्यापूर्वी पावसाचा अंदाज पाहण्याची सवय आपल्याला आहे. तशी या इशाऱ्यांचीही लावून घ्यावी.

झेंडे आणि जीवरक्षक

गोव्यात २००८ पासून राज्य सरकारने नेमलेल्या दृष्टी या संस्थेचे जीवरक्षक किनाऱ्यांवर तैनात आहेत. त्यांनी लावलेला लाल झेंडा म्हणजे त्या जागी पाण्यात उतरायचे नाही. वरचा भाग लाल आणि खालचा पिवळा असलेले दोन झेंडे रोवलेले असतील तर त्या दोहोंच्या मधल्या पट्ट्यातच पोहायचे. लाल झेंड्याच्या शेजारी पाणी शांत दिसते म्हणून तो झेंडा चुकून राहिला असावा असा तर्क करणारी मंडळी दर हंगामात दिसतात. झेंडा तिथे आहे तो पाणी तसे दिसते म्हणूनच.

जीवरक्षकाला ‘दादा, आज ओढ कुठे आहे?’ असे सरळ विचारावे. तो हात करून जागा दाखवेल. जिथे जीवरक्षक नाही तिथे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणाऱ्या किंवा होडी दुरुस्त करणाऱ्या माणसाला विचारावे. रापणकाराचे सगळे काम किनाऱ्यालगतच्या पाण्याच्या चालीवर अवलंबून असल्याने त्याचे सांगणे मोलाचे असते. त्याने नको म्हटले तर वाद घालू नये.

उतरताना किनाऱ्यावरची एक स्थिर खूण, एखादा माड किंवा जीवरक्षकाचा मनोरा, समोर धरून ठेवावी आणि ती सरकत तर नाही ना हे वारंवार पाहावे. आपण आपल्या सामानापासून नकळत बाजूला जात असू, तर किनाऱ्यालगतचा आडवा प्रवाह आपल्याला खाचेकडे नेत आहे. पोहता न येणाऱ्याने गुडघ्यापलीकडे जाऊ नये. साडी, जीन्स, ओढणी भिजल्यावर जड होतात आणि पायांत गुंततात, म्हणून त्या कपड्यांत कंबरभर पाण्यातही जाणे धोक्याचे आहे. लहान मूल नेहमी हाताच्या अंतरावर असावे, केवळ नजरेच्या टप्प्यात असून भागत नाही. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नयेत. दारू घेतली असेल तर पाण्यात जाऊच नये.

प्रवाहात सापडल्यास

प्रथम झुंजणे थांबवावे. उताणे होऊन, छाती हवेने भरून, तरंगत राहावे आणि श्वास ताब्यात येऊ द्यावा. एक हात सरळ वर करून हलवावा आणि ओरडावे. मदत मागण्यात लाज बाळगल्यामुळे मोलाची मिनिटे जातात. पाय टेकत असतील तर मात्र पोहण्याऐवजी उभे राहून कडेच्या फेसाळ पाण्याकडे चालावे.

श्वास स्थिर झाल्यावर परिस्थिती पाहावी. पोहण्याची ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर, जिथे लाटा फुटताना दिसतात त्या बाजूला पोहावे; प्रवाह बहुधा काही मीटर ते साधारण पन्नास मीटर एवढाच रुंद असतो. एका बाजूला जाताना विरोध जाणवला तर दुसरी बाजू धरावी, कारण हे प्रवाह अनेकदा तिरके वाहतात. ओढ संपल्याचे जाणवले की फुटणाऱ्या लाटांच्या साहाय्याने तिरपे किनाऱ्याकडे यावे. ताकद नसेल तर तरंगतच राहावे. अनेक रिप करंट लाटांच्या पट्ट्यात वर्तुळाकार फिरतात आणि तरंगणाऱ्याला काही मिनिटांत उथळ दांड्यावर आणून सोडतात. सगळेच तसे नसतात, पण तरंगणारा माणूस मदत येईपर्यंत टिकतो आणि झुंजणारा टिकत नाही.

दुसऱ्याला वाचवताना

एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो, आणि त्यात बहुतेक वेळा भाऊ, बाप किंवा मित्र असतो. हातात हात धरून साखळी करून आत जाणे विशेष घातक आहे, कारण पायाखालची वाळू सरकली की सगळी साखळीच वाहते. आधी जीवरक्षकाला बोलवावे, तो नसेल तर ११२ क्रमांकावर फोन करावा, आणि एका माणसाने बुडणाऱ्यावरून नजर न हटवता हाताने दिशा दाखवत राहावे. लाटांमध्ये डोके एकदा दिसेनासे झाले की पुन्हा सापडणे अवघड असते. तरंगणारे काहीतरी फेकावे: झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन, बर्फाची पेटी, शॅकमधली हवेची ट्यूब, दोर. आत जाण्यावाचून गत्यंतर नसेल तर अशी वस्तू घेतल्याशिवाय जाऊ नये आणि ती बुडणाऱ्याच्या हाती देऊन स्वतः अंतर राखावे, कारण घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो.

बाहेर काढलेल्या माणसाचे पोट दाबून पाणी काढण्याचा किंवा त्याला उलटे धरण्याचा प्रकार आपल्याकडे अजून चालतो. तो करू नये. त्यात वेळ जातो आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवून उबदार ठेवावे. शुद्ध आणि नेहमीसारखा श्वास दोन्ही नसतील तर १०८ वर रुग्णवाहिका बोलावून लगेच सीपीआर, म्हणजे तोंडावाटे श्वास देण्याचा आणि छाती दाबण्याचा उपचार, सुरू करावा. बुडण्यात मूळ अडचण प्राणवायूच्या अभावाची असल्याने प्रथम तोंडावाटे दोन ते पाच श्वास द्यावेत, मग छातीच्या मध्यभागी ३० दाब आणि दोन श्वास असे चक्र चालू ठेवावे. प्रौढ माणसात दाब पाच ते सहा सेंटिमीटर खोल आणि मिनिटाला १०० ते १२० या गतीने असावा. उलटी झाली तर मान आणि अंग एका बाजूला वळवून तोंड साफ करावे आणि पुन्हा सुरू करावे.

माणूस उठून बसला, बोलू लागला, तरी त्याला थेट हॉटेलवर नेऊ नये. फुप्फुसांत गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो, म्हणून खोकला, धाप किंवा गुंगी जाणवत असेल तर त्याला उत्तर गोव्यात म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, दक्षिण गोव्यात मडगावच्या जिल्हा रुग्णालयात दाखवावे आणि तो किती वेळ पाण्यात होता, बेशुद्ध झाला होता का, सीपीआर दिला होता का, हे डॉक्टरांना नेमके सांगावे.